आम्हाला वर्गात बोलवा: ग्वाल्हेरच्या शाळांना खुले पत्र

ग्वाल्हेर शहरातील शाळांचे मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका आणि संस्थाचालक मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

गॅदरिंगचे दिवस आले की आमच्या गल्लीतली एखादी तरी चिमुरडी झाशीची राणी होते. पुठ्ठ्याच्या तलवारीला चंदेरी कागद लावायचा, आजीच्या नऊवारीचा काष्टा घालायचा, पाठीला बाहुली बांधायची. पंचावन्न वर्षांपूर्वी माझ्या आईनं मलाही असंच नटवलं होतं आणि शाळेत पोचेपर्यंत तलवार वाकली म्हणून मी रडले होते. राणी आपल्या शहरात धारातीर्थी पडल्या, १८५८ च्या जूनमध्ये. फूलबागेतल्या समाधीपाशी आपल्यापैकी प्रत्येकाला लहानपणी कुणी ना कुणी बोटाला धरून नेलेलं आहे. इथल्या मुलींना राणी व्हावंसं वाटतं याचं मला मनापासून कौतुक आहे.

पण त्याच गल्लीत सैन्यात पंचवीस वर्षं काढलेली एक बाई राहते. ती सकाळी दूध आणायला जाते, संध्याकाळी देवळात जाते, आणि राणी झालेल्या त्या मुलीनं तिला आजवर एकही प्रश्न विचारलेला नाही. विचारायचं असतं, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. ती बाई मी. म्हणून हे पत्र.

मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये होते. इथल्या लश्कर भागात वाढले, बारावीनंतर पुण्याला आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या नर्सिंग कॉलेजात गेले, १९८४ साली लेफ्टनंट झाले आणि लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त होऊन परत इथेच आले. आमच्यात आणखी दोघी आहेत. एक ऑर्डनन्समध्ये, म्हणजे सैन्याला दारूगोळा आणि सामान पुरवणाऱ्या विभागात होती, शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीवर. दुसरी हवाई दलात एअर ट्रॅफिक कंट्रोलला. आम्ही तिघी गेली काही वर्षं शाळांमध्ये जातो. बोलावणी येतात, नाही असं नाही. २०२५ च्या मे महिन्यात बडोद्याच्या कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह यांना ऑपरेशन सिंदूरची माहिती देताना साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं, तेव्हापासून तर जास्तच येतात. आणि तरीही आमचं जाणं बहुतेक वेळा वाया जातं, असं मला वाटतं. ते का, आणि काय केलं तर वाया जाणार नाही, एवढंच मला तुम्हाला सांगायचं आहे.

एका शाळेचा प्रसंग सांगते. शाळेचं नाव सांगत नाही, कारण थोड्याफार फरकानं सगळीकडे असंच होतं. पंधरा ऑगस्ट. मैदानात आठशे मुलं रांगेत उभी. मंचावर मी, शेजारी पाच पाहुणे. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी आधी हळूच विचारलं, "नर्स म्हणण्यापेक्षा नुसतं सेनाधिकारी म्हटलं तर चालेल ना?" मग त्यांनी माइकवर मला कारगिलची रणरागिणी करून टाकलं. मी आयुष्यात रणांगणावर गोळी झाडलेली नाही. मला बोलायला दहा मिनिटं होती, त्यातली चार शाल, श्रीफळ आणि फोटोत गेली. उरलेल्या सहा मिनिटांत मी जे बोलले ते कुणीही बोललं असतं. देश, शिस्त, त्याग. मुलांनी टाळ्या वाजवल्या, कारण पुढच्या रांगेतल्या शिक्षकांनी वाजवल्या.

खरं बोलणं झालं ते नंतर, फाटकाबाहेर. मी रिक्षाची वाट पाहत होते. नववीतल्या तीन मुली आल्या, एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. शेवटी त्यांच्यातल्या सगळ्यांत बुटक्या मुलीनं विचारलं, "मॅडम, तिथे बर्फात पाळी आली तर काय करायचं?" मी रिक्षा सोडून दिली. पाऊण तास आम्ही फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसलो. तंबूत कपडे कसे वाळतात, पाणी गोठतं तेव्हा काय करतात, सोबत एकही बाई नसली तर कुणाला सांगायचं, वरिष्ठ चांगला असला तर काय होतं आणि नसला तर काय होतं, सगळं सांगितलं. त्यातल्या दोघींना सैन्यात जायचं होतं आणि घरी विचारायची सोय नव्हती. आठशे मुलांना दिलेल्या सहा मिनिटांपेक्षा तिघींना दिलेला तो पाऊण तास माझ्या जास्त लक्षात आहे, आणि मला खात्री आहे की त्यांच्याही.

त्या दिवशी मी ठरवलं की यापुढे मंच मागायचा नाही, वर्ग मागायचा. मिळायला दीड वर्ष लागलं.

लश्कर भागातल्याच एका शाळेत आठवीचा वर्ग मिळाला. बेचाळीस मुलं, मुली आणि मुलगे मिळून, लागोपाठ दोन पिरियड. जानेवारीचा एक साधा मंगळवार, कसला दिन नाही की जयंती नाही. मी खुर्ची फळ्यापासून ओढून पहिल्या बाकासमोर घेतली. पाच मिनिटं झाली नसतील, मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅम, आपने कितने दुश्मन मारे?" वर्गशिक्षिका दचकल्या. मला मात्र हा प्रश्न हवाच होता, कारण प्रत्येक मुलाच्या मनात तोच असतो आणि मंचावर तो कधीच येत नाही.

मी म्हणाले, एकही नाही. आणि मग १९९९ च्या उन्हाळ्याबद्दल सांगायला लागले.

त्या वेळी मी श्रीनगरला ९२ बेस हॉस्पिटलमध्ये होते. द्रास, बटालिककडून हेलिकॉप्टरनं जखमी यायचे. कारगिलमध्ये आपले ५२७ जण गेले हे मुलांना पाठ असतं. जखमी तेराशेहून अधिक होते, हे फार कमी मुलांना ठाऊक असतं, आणि माझं सगळं युद्ध त्या तेराशेंमधलं आहे. हेलिकॉप्टर उतरलं की पहिलं काम निवडीचं. कुणाला आधी ऑपरेशनला न्यायचं, कुणाला थांबवता येईल. ओरडणारा माणूस बहुधा थांबू शकतो, त्याचा श्वास चालू असतो. गप्प पडलेल्याकडे आधी धावायचं. हे ऐकल्यावर वर्गात एकदम शांतता झाली. मुलांना वाटत असतं की जो जास्त रडतो त्याच्याकडे आधी लक्ष द्यायचं, घरी तसंच होतं ना. मग मी त्यांना आमच्या याद्या सांगितल्या. एसआयएल म्हणजे गंभीर आजारी, डीआयएल म्हणजे जिवाला धोका असलेले. डीआयएलवर नाव चढलं की त्या जवानाच्या घरी कळवलं जातं. म्हणजे रजिस्टरमध्ये मी एक नाव लिहिलं की हजार मैलांवर एका घरात चूल पेटायची नाही.

ग्वाल्हेरच्या मुलांना ऊन माहीत आहे. जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. पण थंडीनं बोटं काळी पडतात, हे त्यांना खरं वाटेना. हिमदंश झालेला हात चोळायचा नाही, शेकोटीवर धरायचा नाही, कोमट पाण्यात ऊब द्यायची, आणि ऊब येऊ लागली की माणूस वेदनेनं किंचाळतो, ते चांगलं लक्षण असतं. एका मुलानं हे सगळं वहीत उतरवून घेतलं. का, विचारलं तर म्हणाला, काका लेहला ट्रक नेतात.

मग एका पत्राची गोष्ट निघाली. मी ती आधी कधी कुणाला सांगितली नव्हती, वर्गात कशी तोंडून निघाली कोण जाणे.

आमच्या वॉर्डात कोल्हापूरकडचा एक जवान होता. सुरुंगानं डावा पाय गुडघ्याखाली गेला होता, दोन्ही हात बँडेजमध्ये. मी मराठी बोलते हे कळल्यावर त्यानं मला पत्र लिहायला सांगितलं, आईला. खांद्यावर तारे असले तरी जवान आम्हाला सिस्टरच म्हणत. तो म्हणाला, "सिस्टर, पाय मुरगळलाय असं लिवा." मी पेन हातात धरून बसले. खोटं लिहायचं? आणि खरं लिहिलं तर ती माउली ते पत्र वाचून घेणार कुणाकडून, शेजारच्या पोराकडून?

इथे मी थांबले आणि मुलांना विचारलं, तुम्ही काय लिहिलं असतं?

पुढची वीस मिनिटं मी एक शब्द बोलले नाही. एक मुलगी म्हणाली, पत्र त्याचं आहे, तो सांगेल ते लिहायचं. एक मुलगा म्हणाला, आईला फसवायचं नाही, कधीच नाही. दुसऱ्यानं त्याला विचारलं, तू गणिताचे मार्क सांगतोस का आईला? सगळे हसले आणि मग पुन्हा गंभीर झाले. कोपऱ्यातली एक मुलगी म्हणाली, तिच्या बाबांच्या आजाराचं तिला घरच्यांनी सहा महिने सांगितलं नव्हतं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. वर्गशिक्षिकांना ते तेव्हाच कळलं. नंतर त्या मला म्हणाल्या, ही पोर वर्षभर वर्गात बोललीच नव्हती.

मग त्यांनी विचारलं, तुम्ही काय लिहिलं? मी सांगितलं. त्या जवानाशी मी अर्धा तास बोलले आणि शेवटी त्यानं स्वतःच मजकूर सांगितला: पायाला मोठी दुखापत झाली आहे, जिवाला धोका नाही, डॉक्टर रोज बघतात, बाकीचं समोर बसून सांगीन. एवढंच. वर्गातल्या निम्म्यांना ते पटलं, निम्म्यांना नाही, आणि न पटलेल्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

मुख्याध्यापक हो, तुम्हीच सांगा, हे मंचावरून दहा मिनिटांत कसं होणार?

त्याच वर्गात आणखी एक प्रश्न आला. शत्रूचा सैनिक जखमी होऊन तुमच्याकडे आला असता तर? मी म्हणाले, त्यालाही तेच औषध, तीच चादर, नंबर लागेल तसा. १९४९ च्या जिनिव्हा करारांत ते लिहिलेलं आहे आणि आपल्या देशानं त्यांवर सही केलेली आहे. एक मुलगा चिडला. त्याला ते अजिबात मान्य नव्हतं. मी त्याला गप्प केलं नाही. फक्त विचारलं, आपला जवान त्यांच्या हाती जखमी सापडला तर त्याचं काय व्हावं असं तुला वाटतं? तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, बोलला नाही.

माझी ऑर्डनन्सवाली मैत्रीण वेगळंच सांगते. दारूगोळ्याच्या डेपोत शिरताना काड्यापेटी, लायटर, मोबाइल सगळं फाटकावर ठेवावं लागतं, मोठा साहेब असला तरी. उन्हाळ्यापूर्वी आवारातलं गवत काढायचं. प्रत्येक पेटीवरचा नंबर रजिस्टरशी जुळायला हवा. मुलांना आधी हे कंटाळवाणं वाटतं, मग ती विचारते, पेटी चुकीच्या तोफेकडे गेली तर? आणि मुलं सरसावून बसतात. ती त्यांना हेही सांगते की झाशीच्या वेढ्यात बायका दारूगोळा वाहत होत्या, तोफखान्यावर राबत होत्या. म्हणजे राणी आणि आपली ऑर्डनन्सची मॅडम यांच्यामध्ये धागा आहे, आणि तो पुठ्ठ्याच्या तलवारीचा नाही.

तिची दुसरी गोष्ट कडू आहे, आणि तीही मुलांनी ऐकायला हवी. तिनं चौदा वर्षं नोकरी केली. पेन्शनला वीस लागतात. तिच्याबरोबरचे पुरुष अधिकारी कायम कमिशन मागू शकत होते, तिला तो दरवाजाच नव्हता. १९९२ साली पहिल्या पंचवीस मुली चेन्नईच्या अकादमीत गेल्या तेव्हा नोकरी पाच वर्षांची होती, ती वाढत वाढत चौदावर आली. २००३ मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, २०१० मध्ये तिथे निकाल महिलांच्या बाजूनं लागला, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला १७ फेब्रुवारी २०२० उजाडावं लागलं. तोवर माझी मैत्रीण घरी आली होती. ती हे रडत सांगत नाही. पण एका मुलीनं विचारलं, "मग तुम्हाला सैन्याचा राग नाही येत?" ती म्हणाली, येतो, आणि प्रेमही आहे, दोन्ही एकदम असू शकतं. सातवीतल्या मुलीला हे कळतं. आम्ही मोठी माणसंच त्यांना एकेरी गोष्टी सांगतो.

हवाई दलातली आमची तिसरी सोबतीण फार कमी बोलते, पण महाराजपुऱ्याच्या हवाई तळाकडच्या शाळांत तिच्याभोवती गराडा पडतो. ती मुलं विमानांच्या आवाजातच वाढलेली असतात. २०१९ च्या फेब्रुवारीत, बालाकोटनंतरच्या हवाई चकमकीत, जमिनीवरून लढाऊ विमानांना दिशा देणाऱ्या स्क्वाड्रन लीडर मिंटी अगरवाल यांना युद्ध सेवा पदक मिळालं, ते मिळवणारी पहिली महिला. लढाईत आकाशाइतकंच काम अंधाऱ्या खोलीतल्या पडद्यासमोर असतं, हे ती सांगते तेव्हा मुलांचे डोळे बघण्यासारखे असतात.

आता माझं मागणं.

आम्हाला साध्या दिवशी बोलवा. एका वेळी एकच वर्ग द्या आणि पिरियड दोन द्या. हार, शाल, नारळ काही नको, पाणी द्या. ओळख करून देताना जे काम केलं तेच सांगा. नर्सला नर्स म्हणा. भारतात लष्करासाठी पहिल्या परिचारिका १८८८ साली आल्या, तेव्हापासूनची ही परंपरा आहे, ती झाकण्यासारखी नाही. लेफ्टनंट जनरलपदापर्यंत पोचलेल्या माधुरी कानिटकर मुलांच्या किडनीच्या डॉक्टर. आपल्या मराठी मुलींना हे का माहीत नसावं?

प्रश्न आधी लिहून घेऊ नका, निवडू नका. शिक्षकांनी मागे बसावं, जरूर बसावं, पण मुलाचा प्रश्न बावळट वाटला तरी हसू नये. उत्तर द्यायचं की नाही ते आम्ही बघू. काही गोष्टी आम्ही सांगणार नाही, काही सेवेच्या गुप्ततेमुळे आणि काही रुग्णांच्या, आणि ते आम्ही मुलांना सरळ सांगतो. जखमांचं बोलणं सहावीच्या खाली नको, लहान मुलांना आम्ही बूट चमकवायला आणि अंथरुणाची घडी घालायला शिकवू, त्यांना ते फार आवडतं.

मुलग्यांना वर्गाबाहेर काढू नका. हे मी दोन ठिकाणी अनुभवलं, "महिला आहेत तर फक्त मुलींसाठी ठेवू". ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या एनडीएतून पहिल्या सतरा मुली बाहेर पडल्या. आज आठवीत असलेला मुलगा उद्या सैन्यात गेला तर त्याची वरिष्ठ बाई असू शकते. त्यानं बाईकडून सैन्याची गोष्ट पहिल्यांदा आत्ता ऐकलेली बरी.

आणि याला भरती मेळावा करू नका. बेचाळीसातली एखादी मुलगी सैन्यात जाईल, एखादी नर्स होईल, बाकीच्या काय होतील ते त्याच ठरवतील. आम्ही त्यांना न्यायला येत नाही.

एक काळजी माझ्याकडून तुम्हाला सांगते. सेवा केलेल्या प्रत्येक बाईला बोलायचं असतंच असं नाही. आमची एक ज्येष्ठ सहकारी मुरारला राहते, तिला अजून हेलिकॉप्टरचा आवाज सहन होत नाही. तिला आग्रह करू नका. ज्यांची तयारी असेल त्या शोधणं अवघड नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. एनसीसीच्या शिक्षिका-अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी अकादमी आपल्याच शहरात आहे, आणि तुमच्याच शाळेतली एखादी बाई तिथे कवायत करून आलेली असेल, तिलाही कुणी काही विचारलेलं नसेल. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला म्हणून ज्या वस्तीला लश्कर म्हणतात, तिथे शोधून एक फौजी बाई सापडू नये, असं होणार नाही.

हे पत्र मी मराठीत लिहिलं, कारण इथल्या अनेक शाळांच्या कार्यकारिणीत आपली मंडळी आहेत आणि आपल्या माणसांशी मला हक्कानं बोलता येतं. वर्गात मी हिंदीतच बोलते, मुलांना हवं तसं.

त्या आठवीच्या वर्गात दुसऱ्या पिरियडची घंटा झाली तेव्हा अजून हात वर होते. मी म्हणाले, चिठ्ठ्या लिहून द्या, पुढच्या वेळी उत्तरं देईन. अकरा चिठ्ठ्या आल्या. नंतर परीक्षा आल्या, मग सुट्ट्या, मग नवीन वर्ष, नवीन वेळापत्रक. पुढची वेळ आलीच नाही. ती मुलं आता नववीत असतील. चिठ्ठ्या माझ्या पर्समध्ये आहेत. एकीत लिहिलंय, "तुम्ही रात्री झोपायच्या का?" एकीत, "त्या दादाच्या आईनं नंतर काय म्हटलं?" आणि एकीत फक्त, "मी तुमच्या घरी येऊ का?", खाली नाव नाही.

त्या चिठ्ठीला मी हो म्हणणार आहे. बाकीच्या दहांची उत्तरं द्यायला मंगळवारी किंवा गुरुवारी केव्हाही येईन. कळवा.

आपली,
एक निवृत्त लेफ्टनंट कर्नल, मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस
लश्कर, ग्वाल्हेर